पावसाळा सरला की फ्रेममधलं चित्र फुगतं, डागाळतं, काचेला चिकटतं : काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

चिपळूणला आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, आता मी बघतो. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, निवृत्तीची मानपत्रं हे रोजचं काम. पण युरोपची टूर करून आलेले लोक पॅरिसहून एक चित्र नळीत गुंडाळून आणतात आणि ते फ्रेम करायला टेबलावर येतं. फ्रान्सचा तिरंगी झेंडा उंच धरून, प्रेतांच्या राशीवरून पुढे येणारी बाई. बाजूला दोन्ही हातांत पिस्तुलं नाचवणारा पोरगा, उंच टोपीवाला बंदूकधारी, मागे धूर. युजेन देलाक्र्वानं १८३० साली काढलेल्या ‘लिबर्टी लीडिंग द पीपल’ या चित्राची ही छापील प्रत.

कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एका मॅडमची प्रत माझ्याकडे तीनदा परत आली. दर खेपेला एकच वाक्य, “अरे, परत फुगलंय रे.” दोन खेपांना मी चित्र दुरुस्त केलं. तिसऱ्या खेपेला कळलं की चित्राला काही झालेलंच नव्हतं. तुमच्या घरी अशी कुठलीही प्रिंट असेल तर मी ज्या क्रमानं गेलो त्याच्या उलट क्रमानं जा.

लक्षणं

आधी तक्रार नेमकी ओळखा. बहुतेक वेळा दोन-तीन एकत्रच असतात.

कागदाला लाटा येतात. समोरून कळत नाहीत, संध्याकाळी बाजूनं दिवा लागला की दिसतात. काचेच्या आतून ओलसर चमकणारे काळपट चट्टे दिसतात. तिथे कागद काचेला टेकलेला किंवा चिकटलेला असतो. या चित्राचा खालचा भाग गडद असल्यामुळे चट्टे तिथे आधी डोळ्यांत भरतात. पांढरी-हिरवट पूड दिसली तर ती बुरशी. तांबूस, तिळाएवढे ठिपके हे जुन्या ओलीचे, कागदातच मुरलेले. माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी. तिच्या कडेला लागून सरळ तपकिरी रेघ उमटते. रंग उतरतात, त्यात लाल आधी. कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा, नकाशातल्या बेटांसारखा गेलेला असेल तर ते काम कसरीचं.

आणि सगळं चित्रच पिवळट वाटतं, ही तक्रार वेगळी. तिच्याकडे पुढे येतो, कारण या चित्राच्या बाबतीत ती अनेकदा खोटी निघते.

टॉर्च

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च फ्रेमच्या कडेला भिंतीला समांतर धरा आणि लाटा कशा आहेत ते बघा.

वरच्या दोन कोपऱ्यांपासून खाली झोळीसारख्या लाटा असतील तर कागद तिथे टेपनं घट्ट धरलाय. चारही कडांना बारीक बारीक चुण्या आणि मध्ये फुगवटा असेल तर कागद चौफेर चिकटवलाय, नाहीतर चौकटीत ठासून बसवलाय. एकच लांब बाक असेल तर तो नळीचा बाक. महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवलेला कागद ती सवय सोडत नाही. आणि लाटा एकाच बाजूला, किंवा खालीच जास्त असतील तर संशय भिंतीवर.

हे का बघायचं? कागद दमट हवेत पसरतो आणि कोरड्यात आकसतो. त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेला तो जास्त पसरतो, उभ्या दिशेला कमी. पसरायला जागा मिळाली तर आपल्याला कळतही नाही. कडा धरून ठेवल्या की मधला कागद जाणार कुठे? तो वर उठतो आणि काचेला टेकतो. पुढची सगळी भानगड तिथून सुरू होते. काचेला टेकलेल्या जागी हवा खेळत नाही, रात्री काच गार पडली की आतला दमटपणा तिथेच जमतो, आणि गुळगुळीत पोस्टरच्या कागदावरचा लेप ओलाव्यानं मऊ होऊन काच धरतो.

भिंत

मी दोनदा वगळलेली तपासणी ही. फ्रेमवाल्याला फ्रेमच दिसते. माझंही तेच झालं.

चित्र उतरवा आणि मागची भिंत तळव्यानं चाचपा. शेजारच्या भागापेक्षा गार लागते का? रंगाला पापुद्रे, मिठासारखा पांढरा थर? कुबट वास? फ्रेमच्या मागच्या कागदावर फक्त खालच्या अर्ध्यात डाग आहेत का?

मग स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल हातभर कापून चित्राच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस तशीच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीतली हवाच दमट आहे आणि भिंत गार आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून हा एक दिवस थांबणं परवडतं. पाझरणाऱ्या भिंतीवर कितीही महाग फ्रेम लावली तरी ती पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवल्यासारखीच.

मॅडमच्या घरी फॉइलच्या आतली बाजू चक्क थेंबाळली होती. पलीकडे न्हाणीघर. चित्र ज्या खिळ्यावर होतं त्याच्या बरोबर मागे शॉवरचा नळ. आधीच्या दोन खेपांना मी नवं माउंट घातलं, टेप बदलली, मागचा पुठ्ठा बदलला, पैसे घेतले, आणि चित्र परत त्याच खिळ्यावर गेलं. तिसऱ्या खेपेला मी ते स्वतः पोचवायला गेलो म्हणून ही गोष्ट कळली. त्या दिवशीची मजुरी घेतली नाही.

घरात उपाय काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जागा बदलणं. कोकणात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ज्या बाहेरच्या भिंतींना झोडपतो, म्हणजे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या, त्या चित्रांसाठी टाळा. न्हाणीघर, मोरी, गॅलरी, पाण्याची टाकी यांना लागून असलेल्या भिंतीही नकोत. दोन खोल्यांमधली आतली भिंत उत्तम. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे आणि मी आता प्रत्येक फ्रेमला न विचारता करतो. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे जाड गट्टू चिकटवायचे. फ्रेम भिंतीपासून बोटाच्या जाडीइतकी सुटते आणि मागून हवा खेळते.

इथेच एक इशारा. ओल स्विचबोर्डाच्या जवळ किंवा वायरिंगच्या रेषेत असेल तर चित्र बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग प्लंबरला. मला सगळ्यात शेवटी.

झेंडा

रंग उतरलेत का हे ठरवायला या चित्रात फुकटची पट्टी छापलेली आहे. झेंड्याचे तीन रंग बघा. पांढरा पट्टा कागदाबद्दल सांगतो. तो एकसारखा पिवळसर झाला असेल तर कागद किंवा मागचा पुठ्ठा आम्लधर्मी असू शकतो. लाल पट्टा उजेडाबद्दल सांगतो. ऑफसेट, म्हणजे छापखान्यातल्या नेहमीच्या छपाईत लाल रंग गुलाबी आणि पिवळ्या शाईतून तयार होतो आणि नेमक्या याच दोन शाया उन्हात लवकर हरतात. निळी आणि काळी टिकतात. त्यामुळे उन्हात राहिलेल्या प्रतीत लाल पट्टा फिका गुलाबी दिसतो आणि निळा तसाच. खात्री करायची तर माउंटच्या खाली झाकलेली कड उघडून बघा, तिथला रंग मूळचा असतो.

उतरलेला रंग परत येत नाही. सांगणारा भेटला तर त्याला पैसे देऊ नका. साधी काच अतिनील किरणं पुरती अडवत नाही, आणि अडवली तरी दिसणारा उजेडही रंग खातोच. उपाय एकच, ऊन पडत नाही अशी भिंत.

आता त्या पिवळेपणाबद्दल. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. २६० बाय ३२५ सेंटिमीटरचं तैलचित्र, म्हणजे आमच्या दुकानाची एक भिंत खाईल असं. त्यावर वर्षानुवर्षं चढवलेल्या वार्निशचे थर पिवळे पडले होते. २०२३-२४ मध्ये लूव्रनं ते काढले आणि मे २०२४ मध्ये चित्र परत लोकांसमोर आलं. त्या बाईचा झगा पिवळा आहे असं पिढ्यान्‌पिढ्या सगळे समजत होते. तो फिका राखाडी निघाला, वर थोडा पिवळ्याचा हात. आकाशाला निळाई आली, पांढरे रंग पांढरे झाले. त्यामुळे त्याआधीच्या छायाचित्रावरून छापलेली तुमची प्रत पिवळट असेल तर तो तिचा आजार नाही, तिचा जन्मच तसा आहे. झेंड्याचा पट्टा पिवळट पण भोवतीची न छापलेली कोरी कड पांढरी, तर पिवळेपणा छपाईतला. कडही पिवळी, तर कागदातला. एवढं बघायला काही लागत नाही आणि लोक मात्र कापसानं पुसायला बसतात.

पुसण्यावरून आठवलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये हे चित्र लूव्रच्या लांस शहरातल्या शाखेत असताना एका बाईनं त्याच्या खालच्या भागावर मार्करनं अक्षरं लिहिली. दुसऱ्या दिवशीच ती साफ झाली, कारण शाई वार्निशच्या वरच राहिली होती, रंगापर्यंत पोचलीच नव्हती. तुमच्या छापील प्रतीवर असलं वार्निश नसतं. तिथे ओला बोळा म्हणजे सरळ शाईवर हात.

भिंग

इथून पुढे फ्रेम उघडावी लागेल. पण त्याआधी काचेवरूनच, साध्या भिंगानंसुद्धा, एक गोष्ट बघून घ्या : हे छापलंय कशानं?

फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर ऑफसेट पोस्टर. हे दणकट असतं आणि बहुधा परत विकतही मिळतं. अनियमित बारीक तुषार दिसले तर इंकजेट. त्याला ओलाव्याचा वारासुद्धा लागू देऊ नका, शाई पसरू शकते. ठिपकेच नसतील, रेघा किंवा खडूसारखा दाणा असेल, चित्राभोवती कागद चौकोनी दबलेला असेल, कोपऱ्यात पेन्सिलची सही असेल, तर ते जुनं खोदकाम (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं) किंवा लिथोग्राफ (दगडावरून छापलेलं) असू शकतं. अशा वेळी थांबा. टेप, खळ, कात्री काहीच लावू नका. आजोबांच्या ट्रंकेतून निघालेली असली चित्रं मी उघडतही नाही, परत पाठवतो. बोहनीची वेळ असली तरी.

चित्र कुठलं हे ओळखण्यातही लोक चुकतात. पहिल्या खेपेला मीच फ्रेमच्या मागे चिठ्ठी लावली होती, ‘फ्रेंच राज्यक्रांती, १७८९’. मॅडमनी दुकानातच लाल पेन मागून १७८९ खोडलं आणि १८३० लिहिलं. बास्तीय तुरुंग पडला ती क्रांती वेगळी. ही त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी पॅरिसच्या रस्त्यांवर झालेली तीन दिवसांची लढाई, २७, २८ आणि २९ जुलै. दहाव्या शार्ल राजानं वर्तमानपत्रांचा गळा आवळला, नुकतंच निवडून आलेलं सभागृह बरखास्त केलं, आणि लोकांनी फरसबंदीचे दगड उपटून रस्ते अडवले. काही दिवसांतच राजा गेला आणि त्याच्या जागी दुसरा राजाच आला. चित्रात उजवीकडे धुरात नोत्र दाम चर्चचे बुरूज आहेत, त्यावर नखाएवढा तिरंगी झेंडा. मॅडम म्हणतात तो सापडल्याशिवाय चित्र बघितलं म्हणू नये. तुमच्या प्रतीत तो दिसत नसेल तर बहुधा छपाई वाईट आहे, बुरशी नव्हे.

फ्रेम उघडताना

मास्क लावा, साधा कापडी नको, एन-९५. बुरशीची पूड नाकात जाते आणि दम्याच्या माणसाला ती महागात पडते. घरात कुणाला दमा असेल तर हे काम गच्चीत किंवा अंगणात, सावलीत. पंखा बंद.

गोधडी अंथरून फ्रेम पालथी घाला. काचेला तडा असेल तर आधी तिच्यावर कागदी टेपच्या फुल्या मारा. मागची तपकिरी पट्टी ब्लेडनं कापा, बारीक खिळे पकडीनं सरळ ओढून काढा, वाकवू नका. चौकटीची खाच चिरते. मागचा पुठ्ठा उचलण्याआधी फ्रेम जरा उभी करून काचेकडून बघा : पुठ्ठा ढिला झाल्यावर कागद काचेपासून सुटतोय का?

सुटत नसेल तर इथेच थांबा. ओढू नका. सुरी घालू नका. वाफ देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. कागदावरची शाई काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. मी हे एकदा करून बसलोय, ती ग्राहक बाई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. काचेवरूनच चांगला फोटो काढून घ्या. बाजारातलं पोस्टर असेल तर दुसरं आणा, तेच स्वस्त. चित्र मोलाचं किंवा आठवणीचं असेल तर काचेसकट, आडवं, कागद संवर्धकाकडे, म्हणजे जुने कागद आणि चित्रं दुरुस्त करून टिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे.

सुटलं तर पुढे चला. आता मागे काय निघतं ते बघा. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ फ्रेममध्ये अपराधी इथेच सापडतो. कुणीतरी भरावाला वर्तमानपत्र घातलेलं असतं. ते ओल धरतं, पिवळं पडतं आणि आम्ल चित्राला देतं. हार्डबोर्ड, प्लायवूड, एमडीएफही तेच करतात. नालीदार खोक्याचा पुठ्ठा असेल तर चित्राच्या पाठीवर त्याच्या नाळ्यांसारखे तपकिरी पट्टे उमटलेले दिसतील. सेलोटेप असेल तर तिचा गोंद कागदात मुरून पिवळा झालेला असतो, तो डाग कायमचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अख्खी पाठ पांढऱ्या गोंदानं पुठ्ठ्यावर बसवलेली. असं असेल तर ते सोडवायच्या नादी लागू नका.

बुरशी असेल तर ती ओली आहे की कोरडी ते बघा. ओली बुरशी पुसली की कागदात पसरते. चित्र कोरड्या, हवेशीर, सावलीच्या जागी एक-दोन दिवस आडवं ठेवा, तिची पूड होऊ द्या. मग मऊ कुंचल्यानं, घराबाहेर, आतून बाहेरच्या दिशेनं झाडा. तांबूस ठिपके झाडून जात नाहीत, ते सोडून द्या. डेटॉल, व्हिनेगर, लिंबू, ब्लीच यातलं काहीही कागदाला लावू नका. डांबरगोळ्यांना बुरशी जुमानत नाही, फ्रेममध्ये तर त्या मुळीच ठेवू नका.

लाटा सपाट करायला इस्त्री नको. ऑफसेट पोस्टर असेल तर दोन टिपकागदांमध्ये घालून, वर सपाट प्लाय, त्यावर पुस्तकांचा भार, आणि आठ-दहा दिवस विसरून जा. कोरड्या दिवसांत हे आपोआप बरंच बसतं. थोडी लाट राहिली तर राहू दे. कागद आहे तो, फरशी नव्हे.

परत बसवताना

काच आणि कागद यांच्यात अंतर हवं. जाड माउंट तेच काम करतं, शोभा हा त्याचा जोडधंदा. माउंट नको असेल तर काचेच्या कडेला, खाचेत लपेल अशी प्लास्टिकची बारीक पट्टी चारही बाजूंनी लावा. माउंटचा पुठ्ठा आम्लरहित घ्या. साध्या पुठ्ठ्याची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते, चित्रावरची ती रेघ त्याचीच.

कागद फक्त वरून टांगायचा. खालच्या आणि बाजूच्या कडा मोकळ्या. दोन लहान बिजागऱ्या, पातळ पण चिवट हातकागदाच्या, आणि चिकटवायला गव्हाच्या पिठूळाची, म्हणजे स्टार्चची खळ. मैद्याची नको. मैद्यातल्या चिकट भागावर कसर तुटून पडते आणि खळ कडकही होते. आमच्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तत्त्व तेच. फक्त पाणी बदलून बदलून स्वच्छ धुतलेला, न आंबलेला आणि मीठ-हिंग घालण्याआधीचा. आईनं एकदा माझी खळ चाखून बघितली होती. हे जमणार नसेल तर कागदाचे चार खिसे करून कोपरे त्यात सैल बसवा. मग चित्राला गोंद लागतच नाही. घरी करणाऱ्याला मी हेच सांगतो.

चौकटीच्या खाचेत कागद आणि पुठ्ठा चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवा. इथे या चित्राची एक खास अडचण आहे. मूळ चित्राचं प्रमाण चारास पाच. सोळा बाय वीस इंचाच्या चौकटीत ते बरोबर बसतं. पण बाजारात चोवीस बाय छत्तीसच्या तयार चौकटी स्वस्त मिळतात, त्यांचं प्रमाण दोनास तीन. त्यात रुंदी पूर्ण ठेवून बसवायचं तर चित्राच्या उंचीचा सहावा हिस्सा जातो, म्हणजे एकतर झेंड्याचं टोक, नाहीतर खाली पडलेली माणसं. काही जण कापत नाहीत, कड दुमडून ठासतात. चौफेर चुण्यांचं ते एक नेहमीचं कारण. तयार चौकटीचा मोह सोडा, माप देऊन करून घ्या.

मागे आम्लरहित पुठ्ठा किंवा पोकळ नाळ्यांची प्लास्टिक शीट, आणि किडे शिरू नयेत म्हणून कडेनं कागदी टेप. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालू का, असं हमखास विचारतात. भिंतीवरच्या फ्रेममध्ये त्या काही दिवसांत भरून जातात आणि मग नुसत्या पुड्याच उरतात.

आणि फ्रेम जुलैत बंद करू नका. त्या दिवशी हवेत जेवढी ओल असेल तेवढी कागद, माउंट आणि पुठ्ठा यांच्या पोटात असते, ती तुम्ही काचेमागे कोंडता. पुढे रात्री गारवा पडला की ती काचेवर उतरते. आमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात करावंच लागलं तर सगळं सामान दोन दिवस एसीच्या खोलीत ठेवून तिथेच बंद करा.

मोठ्या प्रतीला काचेचं वजनही धरा. दोन मिलिमीटरची काच चौरस मीटरला पाच किलो भरते. अॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट, त्याच जाडीला निम्म्याहून कमी, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. पोरंबाळं खेळतात त्या खोलीत मी अॅक्रिलिकच सुचवतो.

दुसऱ्याला बोलवायचं कधी

काही ठिकाणं वर आलीच. काचेला चिकटलेलं चित्र, जुनं खोदकाम किंवा लिथोग्राफ, अख्खी पाठ गोंदानं बसवलेली, या तिन्हींसाठी कागद संवर्धक. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. जाण्याआधी फोटो पाठवून विचारा. चौकटीत वाळवीच्या मातीच्या वाटा दिसल्या तर पेस्ट कंट्रोल, आणि फक्त फ्रेमला नव्हे, भिंतीला आणि दाराच्या चौकटींनाही.

पुरात किंवा गळतीत भिजलेलं चित्र हा मात्र वेगळा मामला, तिथे वाट बघत बसायचं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानात माळ्याला टेकलं. पाणी उतरल्यावर आम्ही आधी चिखल उपसला, फ्रेम तशाच ओळीनं उभ्या वाळत ठेवल्या. ज्या काचेमागे वाळल्या त्यातली चित्रं काचेचीच झाली. ओली असतानाच ज्या उघडल्या, त्यातली बरीच सुटली. म्हणून भिजलेली फ्रेम त्याच दिवशी उघडा. कागद आपणहून काचेवरून उठत असेल तर टिपकागदावर आडवा घाला. उठत नसेल तर काचेसकट ओलाच ठेवून लगेच संवर्धकाला फोन करा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

शेवटचं काम पेन्सिलचं. मागच्या पुठ्ठ्यावर तारीख लिहा, कधी उघडलं, काय बदललं, कुठल्या भिंतीवर होतं. पुढच्या माणसाचा एक दिवस वाचतो, आणि बहुतेक वेळा तो पुढचा माणूस आपणच असतो.

मॅडमच्या चित्रामागे आता चार तारखा आहेत. शेवटची गेल्या जानेवारीची, फक्त बघायला उघडलं तेव्हाची; कागद सपाट होता. ते आता जेवणाच्या खोलीत आतल्या भिंतीवर आहे. पण झगा राखाडी असल्याचं वाचल्यापासून मॅडमना ते चित्र बघवत नाही. भाचीकडून त्यांनी नवी प्रत मागवली, ती नेमकी जून संपता संपता आली. “अरे, कधी करून देतोस?” म्हणून आठवड्याला फोन येतो. प्रत नळीतून काढून टिपकागदांमध्ये आडवी ठेवली आहे. डिसेंबरशिवाय हात लावणार नाही, हे त्यांना तीनदा सांगून झालंय.